अनुमोदक

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा होता. केशरबाईची नात ईश्वरी, वय वर्षं चार, धाकट्या भावाच्या जावळाच्या पंगतीला बसलेली. पानात लापशी वाढलेली. पोरगी खात नाही. हात जोडते, डोळे गच्च मिटते आणि खणखणीत म्हणते, "देवबापा, तू दिलंस, आमी खातो. ज्याला न्हाई त्याला बी दे. आमेन." मग डोळे उघडून मूठभर लापशी तोंडात कोंबते. पंगत हसते. मोबाईल धरणारा तिचा मामाही हसतो, त्याचंच हसणं सगळ्यात मोठं ऐकू येतं.

मामानं कौतुकानं तो घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो गावाच्या ग्रुपवर गेला. तिथून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्यावर लाल अक्षरं चढली होती. 'अंगणवाडीत लेकरं बाटवतात. राहाता तालुका. जागे व्हा.' पंगतीचं हसणं तेवढं कोणीतरी कापून टाकलं होतं.

त्याला आज चार दिवस झाले. शनिवार. गोरक्ष त्रिभुवननं भर दुपारी खिडकीला आतून कडी घातली.

"खिडकी कशाला लावली? जीव घुसमटतोय," अश्विनी, त्याची बायको, म्हणाली.

"मोटरसायकली येत्यात जात्यात."

"रस्ता हाय. येनारच की."

"आपल्या दारात आल्यावर हळू व्हत्यात."

हळू होत होत्या हे अश्विनीनंही ऐकलं होतं. कालपासून बाहेर वाळत घातलेले कपडे ती आणि तिची मुलगी निकिता, दोघी मिळून आणायला लागल्या होत्या. एकटी जात नव्हती.

अंगणवाडीत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं खिचडी शिजवत होती ती गोरक्षची आई, साळूबाई. या सव्वीस वर्षांत तिनं एकाही लेकराला बसवून प्रार्थना शिकवली नव्हती. पोरांची ताटं वाढून झाली की ती पातेल्याशेजारी उभी राहून डोळे मिटायची, हलक्या आवाजात दोन ओळी म्हणायची आणि मग म्हणायची, 'हां, खा आता.' लेकरं बघत होती, ऐकत होती. लेकरांना वाटलं, जेवण असंच सुरू होतं. आज ज्यांना मिशा फुटल्या आहेत आणि जे त्या व्हिडिओखाली तलवारी आणि लाल चेहरे टाकतायत, त्यातले निम्मे तिच्या हातची खिचडी खाऊन मोठे झालेले. पण खिचडीची आठवण कुणाला राहते?

गोरक्षनं सकाळी भिंतीवरचं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर काढून गव्हाच्या कोठीमागं सारलं होतं. त्याच्या जागी आता भिंतीवर एक पांढरा चौकोन उरला होता. बाकीची भिंत चुलीच्या धुरानं कळकटलेली, तेवढाच चौकोन स्वच्छ. कॅलेंडर लावलेलं असताना त्याच्याकडं कोणाचं लक्ष जात नव्हतं. आता घरात पाऊल टाकणाऱ्याची नजर आधी तिथंच जायची.

साळूबाईचीही गेली होती. सूप घेऊन त्या चौकोनाखालीच बसली आणि हरभऱ्याचे घाटे सोलायला लागली.

पाच वाजता ग्रामपंचायतीसमोर बैठक होती. त्याआधी घरानं एक मताचं व्हायचं होतं, म्हणून राधाकृष्ण नाना सकाळच्या एसटीनं राहात्याहून आले होते. नाना म्हणजे गोरक्षचे चुलते, निवृत्त गुरुजी. अक्षर मोत्यासारखं. त्यांनी आबासाहेबांच्या माणसाकडून मजकूर समजून घेऊन एक कागद तयार केला होता. आबासाहेब गावाचे उपसरपंच. त्यांचा निरोप असा होता, की साळूमावशीनं एवढ्या कागदावर सही करावी, मग विषय गावातच मिटेल, पोलीस ठाण्यापर्यंत जाणार नाही.

नानांनी चष्मा लावला. "मी, साळूबाई बाजीराव त्रिभुवन, जात हिंदू महार, लिहून देते की, चर्चचे पाळक शमुवेल दुशिंग यांनी मला साड्यांचे आमिष दाखवून अंगणवाडीतील मुलांना ख्रिस्ती प्रार्थना शिकवण्यास भाग पाडले..."

"कुठल्या साड्या?" साळूबाईनं मान वर न करता विचारलं.

"वहिनी, लिहावं लागतं तसं."

"न्हाई पन रंग तरी सांगून ठिवा, भावजी. उद्या फौजदारानं इच्चारलं, दाखव म्हनला, तर मी काय नेसू?"

निकिता फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात धरला. गोरक्षनं तिच्याकडं असं पाहिलं, की ती उठून आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"आये, थट्टेची येळ हाय का ही?" गोरक्ष म्हणाला. "सही कर नि मोकळी हो. चार वळी हायेत."

"त्या चार वळीत पाळक आत जातोय."

"त्यांचं ते बघतील! त्यांच्या मागं चर्चची मंडळी हाय, वकील हायेत. आपल्या मागं कोन हाय?"

हे बोलताना आपला आवाज चिरकला हे त्यालाच कळलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःचा टेम्पो, ग्रामपंचायतीचा मेंबर. आणि बाहेर मोटरसायकलचा आवाज झाला की खिडकीची कडी तपासायचा.

त्या भीतीचं मूळ व्हिडिओत नव्हतं. ते ऐंशी वर्षांमागं होतं. गोरक्षचा पंजोबा गहिनीनाथ यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्याला ना विहिरीवर येऊ दिलं, ना चावडीची पायरी चढू दिली. देव बदलला तरी माणूस गावाला तोच होता, गावकुसाबाहेरचा. पुढं सवलती आल्या, आणि कायदा म्हणाला, तू ख्रिस्ती झालास ना, मग तुझी जात गेली, ह्या सवलती तुला नाहीत. गावाच्या डोळ्यांत जी जात एक दिवसही गेली नाही, ती कागदावर मात्र एका झटक्यात गेली. मग या घराण्यानं तेच केलं जे आजूबाजूच्या शंभर घरांनी केलं. दोन नावं ठेवली. चर्चच्या वहीत गिदोन, शाळेच्या दाखल्यात गोरक्ष. चर्चच्या वहीत नाना दावीद, पगारपत्रकात राधाकृष्ण. लबाडी म्हणा. पण ज्यांनी या माणसांपुढं दोनच दारं ठेवली आणि तीही दोन्ही अर्धी लावून घेतली, त्यांना लबाड कोणी म्हणत नाही.

गोरक्ष राखीव जागेवर निवडून आला होता. रविवारी चर्चला शेवटच्या बाकावर, फोटो काढू न देता बसायचा. आणि निकिताचा नर्सिंगचा प्रवेश राखीव जागेतूनच होता, जात पडताळणीचा दाखला अजून यायचा होता. एका माणसानं एक अर्ज टाकला, सोबत चर्चच्या वहीची झेरॉक्स जोडली, की मेंबरकी संपली, पोरीचं कॉलेज संपलं, नानांच्या पेन्शनीवरही प्रश्न आला असता.

"माझं ऐकाल का?" अश्विनी म्हणाली. इतका वेळ ती भाकरी थापत होती. "आत्यांनी सही करू नये. मामंजी अंथरुणाला खिळले तवा पाळकांनी त्यांची तीन महिने दर बुधवारी येऊन दाढी केली. मामंजींच्या अंगाचा वास सुटला होता, सख्खी मानसं उंबऱ्यात थांबायची. त्या मानसाचं नाव असं लिवायचं?"

"बरोबर आहे सूनबाई," नाना शांतपणे म्हणाले. "नका करू सही. मग ते पोलिसांत जातील. पोलीस विचारतील, घरात ख्रिस्ती किती? वहिनी खोटं बोलणार नाहीत. आणि निकिताचा दाखला समितीच्या टेबलावर पडलेलाच आहे."

तव्यावरची भाकरी करपली. अश्विनीनं ती उलटली, तिच्याकडं पाहिलं आणि बाजूला टाकली.

"आत्या," ती खाली बघून म्हणाली, "करा सही."

साळूबाईनं सुनेकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, त्यामुळंच अश्विनीला ती सोसवली नाही. तिनं पदर डोळ्याला लावला.

"निके, तू बोल," साळूबाई म्हणाली. "सगळं तुझ्यासाठी चाललंय म्हनत्यात."

निकिता दारातून पुढं आली. नानांच्या हातातला कागद घेऊन तिनं वाचला. सकाळपासून तीच म्हणत होती, 'आजी, कर ना सही, काय होतंय.' आता वाचता वाचता तिचे कान लाल झाले.

"नाना, हे भाग पाडले म्हणजे पाळकांना अटक होणार ना?"

"तसं लगेच काही..."

"होणार ना?"

नाना चष्मा पुसायला लागले.

"मग हे नको," निकिता म्हणाली. "आजीनं स्वतःचं काय ते लिहून द्यावं. दुसऱ्याचं नको."

"तुला अक्कल हाय का?" गोरक्ष ओरडला. "तुझ्या कॉलेजचं..."

"पप्पा, मला पण भीती वाटते," ती म्हणाली. "उगाच ओरडू नका."

साळूबाईनं सूप पुढं सरकवलं. निम्मे घाटे टरफलातच चिरडलेले होते.

"मी भ्याले न्हाई असं समजू नका कोनी," ती म्हणाली. "सकाळधरनं एक घाटा धड सोलता येत न्हाई. पन खोटं लिवून मी कुटं जाऊ? पाळकाचं नाव काढा. माझं काय लिवायचं ते लिवा."

पाळकाचं नाव काढलं तर आबासाहेबांना तो कागद चालणार नव्हता, म्हणून नानांनी दुसरा कागद लिहायला घेतलाच नाही. पावणेपाचला साळूबाईनं पायात चपला सरकवल्या आणि ती निघाली. गोरक्ष चार पावलं मागं.

ग्रामपंचायतीसमोर शंभर एक माणूस असेल. निम्म्यांचे मोबाईल वर. पुढची पोरं गावातली, मागं पाच-सहा अनोळखी, डोक्याला रुमाल बांधलेले. त्यांच्याकडं बघायचं नाही असं गोरक्षनं ठरवलं होतं, पण नजर तिकडंच जात होती. ते बोलत नव्हते, ओरडत नव्हते. नुसते हाताची घडी घालून उभे होते.

"या साळूमावशी," आबासाहेब उठून म्हणाले. "आरं, खुर्ची द्या मावशीला."

गोरक्ष जागीच थबकला. आबासाहेबांच्या पेरूच्या बागेतले क्रेट तो गेली नऊ वर्षं मार्केटला पोचवत होता. हा माणूस चिडला की शिव्या देतो, आणि शिव्या दिल्या की तासाभरात विसरतो. तो गोड बोलला की मात्र काहीतरी पक्कं ठरलेलं असतं. लग्न होऊन आल्यापासून चव्वेचाळीस वर्षांत या गावानं त्याच्या आईला पहिल्यांदा खुर्ची दिली होती.

साळूबाई बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"कागद आनला का मावशी?"

"न्हाई."

गर्दीत हालचाल झाली. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून केशरबाई उठली. ईश्वरी तिच्या कडेवर होती, बोट तोंडात घालून.

"नात माझी हाय, मला इच्चारा की," केशरबाई म्हणाली. "पोरगी ताटावर बसली की म्हनती, ज्याला न्हाई त्याला बी दे. यात वंगाळ काय हाय? तुमच्यातल्या कुनाच्या पोरानं म्हनलंय का असं कधी?"

"आये, खाली बस!" तिचा मुलगा खेकसला.

"बसते. पन साळू लबाड न्हाई. तुझी गोवर निघाली तवा..."

"बस म्हनलं ना!"

केशरबाई बसली. पण बसताना साळूबाईकडं बघत बसली. नंतर मात्र तिनं मान वर केली नाही, कारण रुमालवाल्यांपैकी एकानं मोबाईल तिच्याकडं वळवला होता.

आबासाहेब हसले. "मावशी, कुनी काय म्हनत न्हाई. फक्त सांगा. पोरांना शिकवलं कुनी?"

"शिकवलं न्हाई. मी डोळं मिटते. पोरं बघत्यात, ती बी मिटत्यात."

"नि तुमी कशाला मिटता?"

"अन्न म्होरं आलं की आभार मानावं म्हनून."

"कुनाचं?"

गोरक्षनं मनातल्या मनात म्हटलं, देवाचं म्हण. नुसतं देवाचं म्हण आये. देव सगळ्यांचाच असतो. एवढंच म्हण, खोटंही होणार नाही.

"येशूचं," साळूबाई म्हणाली.

मागून कोणीतरी शिटी मारली. "ऐकलं का? तोंडानं कबूल केलं!" रुमालवाल्यातला एक दोन पावलं पुढं आला. आबासाहेबांनी हात वर केला, तो थांबला. हात केल्यावर तो थांबला याचीच गोरक्षला जास्त भीती वाटली.

"हे तुमाला पाळकानं सांगितलं?"

"पाळकाला ठावं बी न्हाई. माझं मी. लगीन हून आले तवापासनं."

"म्हंजे घरात सगळीच तशी." आबासाहेबांनी मान हळूच वळवली. "मेंबर, तुमी कागदावर तर हिंदू हाय ना? निवडून बी त्याच कागदावर आलाय. का तुमी बी डोळं मिटता?"

सगळे मोबाईल गोरक्षकडं वळले. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. हो आलं असतं, नाही आलं असतं, कदाचित रडू आलं असतं.

"त्याला काय इच्चारता?" साळूबाई कडाडली. असा आवाज त्यानं तिचा कधी ऐकला नव्हता. "त्यो न्हाई माझ्यात. चर्चला येत न्हाई, काय न्हाई. रोज भांडतो माझ्यासंगं यावरनं. आज सकाळी माझं वचनाचं कॅलेंडर भितीवरनं ओरबाडून काढलं त्यानं. जाऊन बघा, खुना हायेत अजून!"

गर्दी कुजबुजली. कोणीतरी म्हणालं, "व्हय, कॅलेंडर हुतं त्यांच्यात." कोणी म्हणालं, "मेंबर बरा मानूस हाय."

गोरक्ष उभा होता. पाळकाबद्दल एक अक्षर खोटं लिहायला तयार नसलेली बाई भर गावात खोटं बोलली होती. न अडखळता. आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती. बघितलं असतं तर तो बोलला असता असं त्याला वाटलं. पण हे त्याला नंतर, पुष्कळ वर्षं वाटत राहिलं. त्या वेळी त्याला एवढंच कळलं, की सुटलो.

"मग झालंच की!" आबासाहेबांनी टाळी वाजवली. "उगं मेंबरवर संशय घेतला आपन. पोलीसबिलीस काय नको. मावशी आपल्याच हायेत. फक्त लेकरांपासनं लांब राहू द्या. ग्रामसेवक, ठराव लिवा. साळूबाई त्रिभुवन यांना अंगणवाडीतून कमी करण्याची शिफारस. सूचक मी." ते थांबले. वहीचं पान त्यांनी स्वतः उलटून गोरक्षसमोर धरलं. "अनुमोदक, मेंबर गोरक्ष त्रिभुवन. घरच्याच मानसानं सही केली म्हंजे गावाला बी बरं वाटंल. काय, मेंबर?"

पेन त्याच्या हातात आलं. कोणी दिलं ते कळलं नाही. वही टेबलावर होती, वारं सुटलं होतं, पान फडफडत होतं. त्यानं पेन टेकवलं, पान उडालं, निळी रेघ ओढली गेली.

मग पानावर एक तळहात आला. जाड, भेगाळलेला, बोटांच्या कडांना हरभऱ्याचे हिरवे डाग पडलेला. साळूबाईनं पान दाबून धरलं.

"कर," ती म्हणाली. फक्त त्याला ऐकू जाईल असं. "निकी वाट बघत असंल."

त्यानं केली. गोरक्ष बाजीराव त्रिभुवन. पुरी. मोबाईलवाल्यांनी जवळ येऊन ती टिपली.

साळूबाईनं तळहात उचलला, पदर डोक्यावर घेतला आणि आबासाहेबांना विचारलं, "सोमवारी खिचडीला कोन हाय? डाळ भिजत घालावी लागती आदल्या दिशी. सांगून ठिवा तिला." उत्तराची वाट न बघता ती निघाली. गर्दीनं वाट दिली. आदरानं नाही, विटाळ चुकवावा तशी. पण ती त्या वाटेनं सरळ चालत गेली.

गोरक्ष तिच्या मागं वळला तेव्हा आबासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. हात जड होता. रुमालवाले आता अगदी जवळ उभे होते.

"एक काम हाय मेंबर. देवळाच्या सभामंडपाचं श्रमदान काढलंय. उद्यापासनं, दर रविवारी." रविवारी सकाळी नऊला चर्चची उपासना असते हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आबासाहेबांनी ते माहीत नसल्यासारखा चेहरा केला. "सकाळी नऊला. तुमाला काय अडचन..."

"येतो," गोरक्ष म्हणाला.

इतक्या लगेच, की आबासाहेबांना वाक्य पुरं करावं लागलं नाही.